दाजी नावाचं यंत्र

भंवरजीचा फोन आला तेव्हा मी जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीत होतो, मुलाच्या शेडमध्ये. मुलगा आता मला लेथला हात लावू देत नाही, पण खुर्ची टाकून बसू देतो, आणि मी बसतो. भंवरजी म्हणजे माझ्या मेहुण्याच्या दुर्गापुऱ्यातल्या बिल्डिंगचा चौकीदार. "बाबूजी, प्रोफेसर साहब दरवाज़ा नहीं खोल रहे. दूध की थैली बाहर ही लटकी है." मी म्हटलं, "सो रहे होंगे." त्यावर तो गप्प. दिवसभर बडबडणारा चौकीदार गप्प बसला की काय ते समजावं... विश्वकर्मातून दुर्गापुऱ्याला जायचं म्हणजे सगळं जयपूर आडवं कापायचं. मुलगा गाडी चालवत होता आणि मी हातात फोन धरून बसलो होतो, पण आमच्या हिला लावत नव्हतो. काय सांगणार? तिचा एकुलता एक भाऊ. आम्ही पोहोचलो तोवर शेजाऱ्यांनी सुतार बोलावून कडी काढली होती. पलंगावर कुशीवर झोपलेला होता, चष्म्याची घडी करून उशाशी ठेवलेली. झोपेतच गेले म्हणाले डॉक्टर. हृदयाचं दुखणं जुनंच होतं.

तेरावं झाल्यावर इथल्या मराठी मंडळींनी एका हॉलमध्ये शोकसभा ठेवली. बँकेतले, विम्यातले, कॉलेजातले, सगळे रिटायर लोक आले. एकेकानं उठून ज्ञानाचा सागर, शिस्तीचा पुतळा वगैरे सांगितलं. ते ठीक आहे, मेलेल्या माणसाला तेवढं सगळेच म्हणतात. पण एक साहेब म्हणाले, "शेवटच्या काळात त्यांनी इंटरनेटवर छान विरंगुळा शोधला होता." विरंगुळा! मी उठून उभा राहिलो. माईकवाल्या बाईंनी मला हातानंच बाथरूमचं दार दाखवलं. मी खाली बसलो, पण बसलो म्हणजे मान्य केलं असं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं आहे. मी चौथी पास आहे. शुद्धलेखन संपादकांनी बघावं, मजकुराला हात लावू नये.

पद्माकर माझा मेहुणा, आमच्या शालनचा धाकटा भाऊ. आमच्या कराडकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. तो मला दाजी म्हणायचा आणि मी त्याला मास्तर. जयपुरात आधी आलो मी. हे मुद्दाम लिहितो, कारण शोकसभेत निम्म्या लोकांना वाटत होतं की प्रोफेसरसाहेबांनी आपल्या गरीब बहिणीला इथं आणून पोटाला लावलं. उलटं आहे ते. मला एका मारवाडी शेठजीनं कोल्हापूरच्या फाउंड्रीतून उचलून इथं आणलं, टर्नर म्हणून, आणि झोटवाड्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन मी संसार मांडला. मास्तरला इथल्या कॉलेजात गणिताची नोकरी लागली ती नंतर, आणि तो ट्रंक घेऊन उतरला तो त्याच दोन खोल्यांत.

पहिल्या दिवशी वर्गात तो हिंदीत काहीतरी बोलला आणि अख्खा वर्ग हसला. घरी येऊन जेवला नाही. ही म्हणाली, "अरे पद्या, हसली पोरं तर हसू देत, चार दिवसांनी विसरतील." पण तो विसरणारातला नव्हता. बाजारातून हिंदी व्याकरणाचं पुस्तक आणलं आणि सकाळी गच्चीवर फेऱ्या मारत मोठ्यानं हिंदी बोलायला लागला. खालच्या मजल्यावरचे शर्माजी मला विचारायचे, "आपके साले साहब चुनाव लड़ रहे हैं क्या?" दोन-चार वर्षांत त्याची हिंदी अशी झाली की जणू धोब्याकडून कडक इस्त्री करून आणली आहे. कृपया, तत्पश्चात, विचार कीजिए. माझी हिंदी अजून कराडचीच आहे, माझं कुठं काय अडलं? मी त्याला म्हणायचो, "मास्तर, एवढी स्वच्छ हिंदी तर या लोकांच्या बापजाद्यांनी बोललेली नाही." तो म्हणायचा, "दाजी, पुन्हा कुणी हसणार नाही, एवढंच बघायचं होतं." हसलं नाहीच कुणी. पुढं जे केलं ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

त्यानं दुर्गापुऱ्यात फ्लॅट घेतला, लग्न झालं, ऋजुता झाली, ती शिकून बंगळुरात गेली, तो रिटायर झाला आणि त्याची बायको निर्मला एका उन्हाळ्यात आजारी पडून गेली. चारचौघांसारखंच. निर्मला गेल्यावर मात्र फ्लॅटमध्ये एकटा माणूस आणि भिंतीभर पुस्तकं एवढंच उरलं. ही म्हणाली आमच्याकडे राहायला ये. आला नाही. हट्टीपणात त्या घराला तोड नव्हती, आणि आमच्या घरालाही नाही. मग ऋजुतानं त्याला एक टॅब पाठवला, पाटीएवढा, आणि फोनवरून शिकवून एका ग्रुपमध्ये घातलं. शाळा-कॉलेजातली पोरं, क्लासला जाणारी, नापास होऊन घरी बसलेली, कुठकुठली. कुणी कुणाला खरं नाव सांगायचं नाही, वय सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, हा तिथला नियम. विज्ञान, गणित आणि अभ्यास कसा करायचा, यावर नुसत्या गप्पा.

मी दर रविवारी हिनं दिलेला डबा घेऊन त्याच्याकडे जायचो. नाव घालायचं होतं त्या दिवशी मी समोरच होतो. "दाजी, इथं टोपणनाव मागतायत. काय घालू?" मी जेवत होतो. म्हटलं, "घाल कायपण." त्यानं हसत हसत घातलं: दाजी. "इथं कुणाला अर्थ कळणार नाही. आणि तुम्हीही वर्गात बसलात असं होईल." मी म्हटलं, "माझं नाव खराब करू नकोस म्हणजे झालं." पुढं ती सगळी पोरं त्याला दाजी सर म्हणायला लागली. मला आतून बरं वाटायचं, पण मी ते दाखवलं नाही.

काय काय विचारायची ती पोरं! चंद्र आपल्याबरोबर का चालतो. गाणी लावून अभ्यास होतो का. शून्यानं भागलं तर बिघडतं काय. पाठ केलेलं पेपरात का आठवत नाही. मास्तर मला वाचून दाखवायचा आणि उत्तर टाइप करायचा, एका बोटानं पण भराभर. आणि उत्तर म्हणजे उत्तर नसायचंच. उलट प्रश्न. कुणी विचारलं शून्यानं का भागायचं नाही, तर हा लिहिणार: "टोकरी में लड्डू हैं. आप हर बार शून्य लड्डू उठाइए. विचार कीजिए, टोकरी कब ख़ाली होगी?" मी म्हणायचो, "अरे, सांगून टाक ना बाबा, पोरगं वाट बघतंय." तो म्हणायचा, "सांगितलेलं संध्याकाळपर्यंत टिकतं, दाजी. सापडलेलं टिकतं ते टिकतं." एकदा एका पोरानं लिहिलं, पढ़ाई में मन नहीं लगता, क्या करूँ. मी म्हटलं, "दोन थोबाडीत द्या म्हणावं, लागेल मन." मास्तरनं खरंच टाइप केलं: "मेरे एक आदरणीय संबंधी का सुझाव है कि आपको दो थप्पड़ लगाए जाएँ. मैं इससे सहमत नहीं हूँ. कृपया बताइए, मन कहाँ लगता है?" त्या पोरानं मोठी यादी पाठवली, आणि मास्तर सगळी दुपार त्याच्याशी पतंगाच्या मांज्यावर बोलत बसला. याला विरंगुळा म्हणायचा असेल तर मग शाळाही विरंगुळाच.

आता त्या पोरीचं सांगतो. तिचं तिथलं नाव 'आधी नींद', म्हणजे अर्धी झोप. तिनं विचारलं, एक रेषा छोटी, एक मोठी, तर ठिपके, म्हणजे गणितातले बिंदू, कुठल्या रेषेत जास्त? कुणीतरी तिला सांगितलं होतं की सारखेच, आणि ते तिला पटत नव्हतं. मी लगेच म्हटलं, "मोठीत जास्त. यात विचारायचं काय?" मास्तर म्हणाला, "सारखेच असतात, दाजी." मी म्हटलं, "मला शिकवू नकोस. आयुष्यभर लोखंड कापलंय मी. लांब सळई ती लांब सळई." तो इतका हसला की त्याला खोकला लागला. तिला त्यानं लिहिलं, छोटी रेषा वर आणि मोठी खाली काढा, वर एक खिळा ठोकला आहे असं समजा, आणि त्या खिळ्यापासून धागा ताणत दोन्ही रेषांवरून फिरवा. काय दिसतं ते सांगा. ती म्हणाली, सर सीधा बता दो. त्यानं आणखी एक प्रश्न विचारला. ती म्हणाली, मैं थक गई हूँ सर, प्लीज़. त्यानं लिहिलं, "कोई बात नहीं. विश्राम कीजिए. धागा प्रतीक्षा करेगा." मला आवडलं ते. तिला नाही आवडलं. तिनं सगळ्यांसमोर लिहिलं, "ये इंसान है भी या नहीं? मुझे तो मशीन लगता है."

एकानं म्हटलं की दहाजण म्हणतात. मास्तर मला वाचून दाखवत गेला, आवाज न बदलता, जणू वर्गातली हजेरी घेतोय. कधीही विचारा, लगेच लिहितो. कभी गुस्सा नहीं करता. ऐसी हिंदी कौन बोलता है भाई. एकानं लिहिलं, "इतना पेशेंस किसी इंसान में नहीं होता." त्या पोरांना घरात, शाळेत, क्लासात त्यांच्याशी न चिडता बोलणारा माणूसच कधी भेटला नसेल, तर त्यांना कसं कळावं? आणि लगेच का लिहितो, तर घरात दुसरं होतं कोण? माणूस एवढा रिकामा, एवढा एकटा असू शकतो, हे त्यांना खरंच वाटेना. यंत्र आहे हे मात्र पटकन खरं वाटलं.

ग्रुप चालवणारा कोणी 'कैप्टन' म्हणून होता. त्यानं लिहिलं, दाजी सर जर माणूस असतील तर त्यांनी आपल्या आवाजात दोन शब्द टाकावेत, नाहीतर मतं घेऊन काढून टाकू. मास्तरनं टॅब मांडीवर ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाला, "दाजी, देऊ का?"

मी म्हटलं, "देऊ नकोस."

"दोन शब्द तर आहेत."

"दोन असू देत नाहीतर अर्धा. ज्यांना आजवर शिकवलं त्यांच्यापुढं उभं राहून मी माणूस आहे हो, मी माणूस आहे हो म्हणायचं? भीक मागायची? आणि नाव कुणाचं आहे तिथं? माझं. दाजी कुणापुढं हात जोडत नाही."

त्यानं टॅब मांडीवरून उचलला. मग म्हणाला, "मलाही तसंच वाटतं." आणि टॅब बंद केला. त्यांनी मतं घेतली आणि काढून टाकलं. त्या 'आधी नींद'नंही हात वर केला. आमची ही आजही म्हणते की तुम्ही अडवलं नसतं तर. मी आजही म्हणतो की बरोबर केलं. दोघंही मागं हटत नाही. त्यामुळं हल्ली घरात भाजीत मीठ कमी आहे का एवढंच बोलणं होतं.

शेवटची भेट त्यानंतरच्या एका रविवारी. डबा उघडला, त्यात हिनं केलेलं भरलं वांगं होतं, त्याच्या आवडीचं. टॅब टेबलावर उभा करून ठेवला होता. पूर्वी तो पाच-पाच मिनिटांनी टिंग टिंग वाजायचा आणि मी वैतागायचो. त्या दिवशी एकदाही वाजला नाही. जेवता जेवता मास्तर म्हणाला, "दाजी, जरा बघा हो, आवाज बारीक झालाय का?" मी हातात घेऊन बघितला. आवाज पूर्ण होता. तसं सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि वांग्याचं देठ ताटाच्या कडेला लावून ठेवलं... तो गणिताचा माणूस. काढून टाकलेल्याला निरोप येत नाहीत हे त्याला कळत नव्हतं असं थोडंच आहे?

ही म्हणते त्या पोरांनी तिच्या भावाला मारलं. मी म्हणतो, नाही. एवढं मोठं श्रेय मी त्यांना देणार नाही. हृदय आधीच खराब होतं. पण जाताना माणूस कुणाचा तरी म्हणून जातो, कुणाचा मास्तर म्हणून, कुणाचा भाऊ म्हणून. त्याला त्यांनी कुणाचाच नाही असं करून ठेवलं, आणि त्यानंतर तो गेला.

ऋजुता दिवस करायला आली होती. तिला हिनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "त्यांना कळव गं. माणूस होता म्हणून सांग. तेवढं तरी." मी नको म्हणत होतो. ऋजुतानं ऐकलं नाही. तिनं आपल्या फोनवरून त्या ग्रुपमध्ये शिरून लिहिलं की ज्यांना तुम्ही दाजी म्हणत होतात ते माझे वडील, गणिताचे प्राध्यापक, त्यांचं निधन झालं. खूप जोडलेले हात आले. रडकी तोंडं आली. मग एकानं विचारलं, कोई प्रूफ़ है? आणि दुसऱ्यानं लिहिलं, "ये मैसेज भी मशीन का ही लिखा लगता है." त्याखाली तिसऱ्यानं हसरं तोंड टाकलं. ऋजुता हार घातलेला फोटो टाकायला निघाली होती. मी तिच्या हातातून फोन काढून घेतला. म्हटलं, "जिवंतपणी त्यानं पुरावा दिला नाही, मेल्यावर मी देणार नाही. तुझा बाप या लोकांपुढं ओळखपरेडला उभा राहायचा नाही." पोरगी रडली. रडू दे, पण फोटो गेला नाही.

ती बंगळुरात परतली. फ्लॅट आता विकायला काढला आहे, पुस्तकं एका कॉलेजनं नेली. टॅब हिनं मागून घेतला. ही सातवी शिकली आहे, माझ्यापेक्षा तीन इयत्ता जास्त, आणि हे तिनं मला आयुष्यात कधी बोलून दाखवलं नाही, याबद्दल मी तिला मानतो. काही दिवसांनी दुपारी तो टॅब वाजला. ग्रुपमधून नव्हे, एकटीचा निरोप. 'आधी नींद'चा. लिहिलं होतं की सबके साथ मैंने भी हाथ उठाया था. दाजी सर सच में थे क्या?

मी म्हटलं, "बंद कर ते." हिनं ऐकलं नाही. तिनं ते बटण दाबून धरलं, ऋजुतानं दाखवलं होतं तसं, आणि तोंड अगदी जवळ नेऊन बोलली, "हाँ बेटा. थे. मेरे छोटे भाई थे. वांगी बहुत पसंद थी उनको." मी कपाळावर हात मारला. आयुष्य राजस्थानात काढून बैंगन म्हणता येत नाही बाईला. मग त्या पोरीचं आलं: "मशीन होती तो जवाब दे देती. उस दिन समझ में नहीं आया."

हिनं ते मला दोनदा वाचून दाखवलं. डोळे पुसत होती. म्हणाली, "बघा, कळलं की नाही तिला?" मी म्हटलं, "कळलं. लाकडं जळून गेल्यावर कळलं." मला त्या समजूतदारपणाचं काही कौतुक नाही. मत देताना हात वर करायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ थांबून विचार करायलाही लागतो. तेवढा तिनं घेतला नाही. थकली होती म्हणे.

तेव्हापासून ती पोरगी आमच्या हिला लिहिते. अभ्यासाचं, परीक्षेचं, कुठला धडा डोक्यात शिरत नाही त्याचं. हिला त्यातलं अक्षर कळत नाही. ही विचारते, खाना खाया क्या, आणि ती पोरगी सांगते काय खाल्लं ते. परवा तिनं एका कागदाचा फोटो पाठवला होता. दोन रेषा, वर एक ठिपका, आणि त्या ठिपक्यातून निघालेले भरपूर धागे, पट्टी लावून काढलेले. विचारत होती, सही है? ही माझ्याकडे घेऊन आली. मी चष्मा लावून बघितलं. धागा धाकट्या रेषेवर जिथं टेकतो, तिथून पुढं मोठीवरही एकदाच टेकतो, एकही मोकळा सुटत नाही... ते मला दिसलं. पण म्हणून लांब सळई आखूड होत नाही. मी हिला सांगितलं, "मला काय विचारतेस? ज्याला विचारायचं होतं त्याला हाकललं त्यांनी." ही टॅब घेऊन आत गेली.

टॅब आता आमच्या झोटवाड्याच्या घरात, बाहेरच्या खोलीत, माझ्या खुर्चीशेजारच्या फळीवर असतो. दुपारी ही मागच्या मोरीत भांडी घासायला बसते तेव्हा नळाच्या आवाजात तिला दुसरं काही ऐकू येत नाही. नेमका तेव्हाच तो वाजतो. टिंग. पाटीवर उजेड येतो, वर नाव दिसतं. मी पेपर वाचत असतो. परत टिंग. पलीकडं कोणीतरी वाट बघत असेल. बघू दे. हे छापून आलं की आमच्या हिला कळेल, तर तेही कळू दे.

"अहो, वाजलं का हो काही?" ती आतून विचारते.

"नाही," मी म्हणतो.